दोष आईच्या पदरी नको

देशात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) ७८.९ टक्के होते, ते पाचव्या फेरीत (२०१९-२१) ८८.६ टक्क्यांवर गेले. मात्र जन्मल्यानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या मुलांचे प्रमाण ४१.६ वरून जेमतेम ४१.८ टक्के झाले. महाराष्ट्रात ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरी इथेही हे प्रमाण निम्म्याच्या फारसे पुढे नाही. पहिल्या तासात बाई घरी नसते; डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली असते. तरीही बाळ अंगावर घेतले जात नसेल, तर आईच्या अज्ञानाकडे बोट दाखवणे अन्याय्य आहे.

या तासाचे मोल मोठे आहे. आपल्याकडे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश बाळे पहिल्या २८ दिवसांतच जातात. घानाच्या ग्रामीण भागातील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सर्व बाळांना तासाभरात पाजले, तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टाळता येतील. आजारी बाळ दूध ओढू शकत नाही, म्हणून उशीर होतो, अशी शंका इथे रास्तच आहे. पण अशी बाळे वगळून पाहिल्यावरही उशीर आणि मृत्यू यांचा संबंध टिकला. चिकातून मिळणारे संरक्षण आणि आईच्या अंगाची ऊब यांना पर्याय म्हणून मध चाटवणे किंवा पावडरचे दूध पाजणे म्हणजे जंतुसंसर्गाला वाट करून देणे.

यावर कोणी म्हणेल, की बाळे कमी वजनामुळे, जन्मताना गुदमरल्यामुळे, न्यूमोनियामुळे मरतात. कोवळ्या वयातली लग्ने आणि आईची उपासमार ही खरी कारणे आहेत. हे खरेच आहे, पण कमी वजनाच्या बाळालाच आईच्या दुधाची आणि उबेची सर्वाधिक गरज असते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन करत, ऊब आणि स्तनपान जमते का ते पाहत, जंतुदोष दिसला तर इंजेक्शनही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. स्तनपान हा तिथे भिंतीवरचा उपदेश नव्हता, शिकलेल्या हातांनी करायच्या कामाचा भाग होता.

सिझेरियन झालेल्या बाईला कुशीवर वळवून बाळ छातीशी धरायला कोणी तरी लागते. ‘दूध उतरत नाही’ म्हणणाऱ्या आईला बहुतेक वेळा पावडरच्या दुधाचा डबा नको असतो, बाळाला नीट धरायला शिकवणारे माणूस हवे असते. डब्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी घातली. ही माणसे मात्र कायद्याने निर्माण होत नाहीत. दवाखान्याबाहेरचे चित्र याहून कठीण आहे. २०१७ पासूनची २६ आठवड्यांची पगारी रजा संघटित क्षेत्रापुरतीच आहे. रोजगार बुडवून सहा महिने निव्वळ अंगावर पाजणे ऊसतोड मजूर बाईला परवडावे, एवढी मदत तिला कोणतीही योजना देत नाही.

तेव्हा सरकारने प्रत्येक प्रसूतिगृहात स्तनपानासाठी प्रशिक्षित परिचारिका नेमावी, पहिल्या तासाचा आकडा दर महिन्याला दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांनाही सक्तीचे करावे आणि असंघटित क्षेत्रातील बाळंतिणीला सहा महिन्यांच्या मजुरीइतकी भरपाई द्यावी.