वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्वत परिषदेचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांची राज्यभरातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाकडे प्रस्तुत पत्राद्वारे एकच मागणी केली जात आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन विषाणुजन्य रोगांपासून प्रत्येक विद्यार्थ्याला कितपत संरक्षण आहे, हे रुग्णांशी त्याचा पहिला संबंध येण्यापूर्वी तपासले जावे, आणि जिथे उणीव आढळेल तिथे एमएमआर, म्हणजे या तिन्ही रोगांवरची संयुक्त लस, विनामूल्य दिली जावी. बालपणीच्या लसीविषयी विशीतल्या मुलामुलींकडे विचारणा करणे प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु आजच्या विद्यार्थ्यांची जन्मवर्षे आणि राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास या मागणीचे कारण आपोआप समोर येते.

राष्ट्रीय कार्यक्रमात गोवराची लस 1985 पासून आहे, परंतु कितीतरी वर्षे ती नवव्या महिन्यात एकदाच दिली जात असे. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने, बाळाच्या शरीरात अद्याप शिल्लक असतात आणि लसीतील दुर्बल विषाणूला नीट वाढू देत नाहीत, त्यामुळे एका मात्रेने सुमारे 85 टक्के बालकांतच संरक्षण निर्माण होते. दुसरी मात्रा कार्यक्रमात येऊ लागली ती 2010 पासून, तर रुबेलाचा घटक आला तो 2017 मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेबरोबर. पहिल्या टप्प्यातील राज्यांत गोव्याचा समावेश होता; महाराष्ट्रात ही मोहीम 27 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली आणि 9 महिने ते 15 वर्षे या वयोगटातील मुलांना शाळाशाळांतून ही लस टोचण्यात आली. याचा अर्थ असा, की 2003 संपण्यापूर्वी जन्मलेले बहुतेक जण या मोहिमेच्या कक्षेबाहेर राहिले. आजचे निवासी डॉक्टर, पदव्युत्तर विद्यार्थी आणि तरुण अध्यापक यांतील पुष्कळ जण याच गटातले आहेत, आणि खासगी बालरोगतज्ज्ञाकडून एमएमआर घेतली नसेल तर त्यांच्यापाशी गोवराची एखादीच मात्रा आहे व रुबेलाची एकही नाही. त्यांच्या मागून आलेल्यांना गोवर आणि रुबेला यांचे संरक्षण मोहिमेने बऱ्याच अंशी दिले, पण त्या लसीत गालगुंडाचा घटक नव्हता, आणि आजही तो राष्ट्रीय कार्यक्रमात नाही.

अशी पोकळी पुढे कुठे आणि केव्हा उघडी पडते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून नेमके सांगता येते, आणि या पत्रातील युक्तिवादाचा सर्वाधिक भार त्याच अनुभवावर आहे. ब्रिटनने 1988 मध्ये लहान बालकांसाठी एमएमआर सुरू केली. पुढे गोवराची मोठी साथ येण्याची चिन्हे दिसू लागल्यावर 1994 मध्ये 5 ते 16 वर्षे वयाच्या मुलांसाठी देशव्यापी मोहीम काढण्यात आली, आणि तिच्यात 80 लाखांच्या आसपास मुलांना लस मिळाली. एवढ्या मुलांना पुरेल इतका एमएमआरचा साठा उपलब्ध नसल्यामुळे ती मोहीम गोवर-रुबेला लसीवर चालवावी लागली, म्हणजे भारताच्या मोहिमेप्रमाणेच तिच्यातही गालगुंड वगळले गेले. गोवराची साथ टळली, हे त्या मोहिमेचे मोठे यश होते. पण तीच मुले दहा वर्षांनी महाविद्यालयांत पोहोचली तेव्हा वसतिगृहे, व्याख्यानगृहे आणि सामायिक भोजनगृहे यांतून गालगुंड पसरले, आणि 2005 या एका वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे 56,000 रुग्णांची नोंद झाली, ज्यांत उच्च शिक्षण घेणाऱ्या वयाच्या तरुणांचा भरणा मोठा होता. महाराष्ट्राच्या मोहिमेतली मुले आता त्याच वयाला पोहोचत आहेत.

गालगुंडाकडे किरकोळ दुखणे म्हणून पाहण्याची सवय घरांतून आणि कित्येकदा दवाखान्यांतूनही आढळते. कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात, चार दिवस गिळताना त्रास होतो आणि मूल बरे होते, हे लहान वयापुरते बव्हंशी खरे आहे. वयात आलेल्या पुरुषांत मात्र लस न घेतलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत रुग्णांना वृषणदाह होतो, काहींना मेंदूच्या आवरणाचा दाह होतो आणि क्वचित कायमचा बहिरेपणा येतो. लसीच्या मर्यादाही इथे सांगितल्या पाहिजेत. तिच्या तीन घटकांपैकी गालगुंडाचा घटक सर्वांत दुबळा आहे आणि त्याचे संरक्षण काळानुसार ओसरते. अमेरिकेत 2006 मध्ये 6,500 हून अधिक रुग्णांची जी साथ आली, तिच्यात दोन मात्रा घेतलेले महाविद्यालयीन विद्यार्थीही बरेच होते. दोन मात्रा घेतलेल्यांतही असे घडत असेल, तर एकही मात्रा न घेतलेल्या तरुणांच्या वसतिगृहाविषयी निश्चिंत राहण्याला काहीच आधार उरत नाही.

आरोग्य विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रश्न त्याच्या एकट्याच्या प्रकृतीपुरता राहत नाही. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. केवळ ताप-सर्दी समजून कामावर आलेला इंटर्न बालरोग विभागातील नऊ महिन्यांखालील, म्हणजे लसीचे वयच न झालेल्या बाळांपर्यंत, किंवा कर्करोगावरील उपचार चालू असलेल्या मुलांपर्यंत हा रोग नकळत नेऊ शकतो. मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत 2022 च्या अखेरीस जी गोवराची साथ आली, तिच्यात रुग्णालयांत दाखल झालेली बालके पाहता हा धोका दूरचा मानता येत नाही. रुबेलाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तो मोठ्या माणसात जवळजवळ लक्षातही न येता होऊन जातो. मात्र गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत स्त्रीला त्याचा संसर्ग झाल्यास 90 टक्क्यांपर्यंत गर्भांना इजा पोहोचू शकते, आणि मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयदोष घेऊन बाळ जन्माला येते. प्रसूतिपूर्व तपासणीच्या बाह्यरुग्ण विभागात रोज जाणारे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, आणि त्या विद्यार्थिनींचे स्वतःचे भावी मातृत्व, अशा दोन्ही बाजूंनी हा विचार व्हावा.

असा नियम नवा नाही. न्यूयॉर्क राज्यात 1 जानेवारी 1957 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना या तिन्ही रोगांविरुद्धच्या संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो, आणि शिक्षणासाठी तिकडे जाणारी मराठी मुले तो जमवतातच. या लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात आहे. परदेशी विद्यापीठासाठी जे हौसेने केले जाते, ते राज्यातल्या रुग्णांसाठी करणे अवघड असू नये.

पुरावा म्हणजे एका वर्षाच्या वयानंतर, किमान 28 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या एमएमआरच्या दोन मात्रांची नोंद, किंवा प्रतिपिंडांच्या रक्तचाचणीचा अहवाल. लहानपणीचे लसीकरण कार्ड बहुतेकांच्या घरी सापडणार नाही. अशा वेळी सर्वांच्या महागड्या चाचण्या करीत बसण्यापेक्षा थेट लस देणे श्रेयस्कर, कारण आधीच संरक्षण असलेल्याला जादा मात्रेने अपाय होत नाही. तथापि ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची लस असल्यामुळे गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना ती देता येत नाही, तसेच ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. प्रौढ स्त्रियांत काही दिवस सांधे दुखू शकतात. ही माहिती लेखी स्वरूपात मराठीतून द्यावी, विद्यार्थिनीला तिचे उत्तर एकांतात देता यावे, आणि वैद्यकीय कारणाने लस न घेणाऱ्यावर प्रवेशाच्या बाबतीत कोणतीही आपत्ती येऊ नये. स्वमग्नतेशी या लसीचा संबंध जोडणारा 1998 चा शोधनिबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला असला, तरी ती शंका पालकांच्या मनात आजही येते, म्हणून तिचे उत्तरही त्या पत्रकात असावे.

वेळापत्रकाचा विचार शाखेनुसार करावा लागेल. नर्सिंगचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी वॉर्डात जातात, तर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा रुग्णांशी नियमित संबंध मुख्यतः दुसऱ्या वर्षापासून येतो. दोन मात्रांमधले 28 दिवस आणि दुसऱ्या मात्रेनंतरचे दोन आठवडे धरता साधारण सहा आठवडे लागतात. त्यामुळे नर्सिंग महाविद्यालयांत पहिली मात्रा प्रवेशाच्या आठवड्यातच द्यावी लागेल, आणि निवासी डॉक्टरांच्या बाबतीत, ते रुजू होताच कामाला लागत असल्याने, निवड जाहीर होताच त्यांना नोंदी मागवणारे पत्र पाठवावे लागेल. विद्वत परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घेतला जावा, ही विनंती.