टॅब्लेट दिले, पुढे?

आफ्रिकेतील मलावी देशात पहिलीच्या अनेक वर्गांत शंभरावर मुले बसतात. तेथील सरकारने पहिली ते चौथीसाठी टॅब्लेटचा उपक्रम हाती घेतला आहे. अक्षरे व अंक चिचेवा भाषेतून शिकविले जातात. चार्जिंग सौरऊर्जेवर होते. मुले पाळीपाळीने बसतात, शिक्षक जवळ असतात. उत्तर चुकले तर यंत्र न रागावता पुन्हा विचारते. भिडस्त बालकास याचे मोल फार. आपल्याकडेही दानशूर व्यापारी शाळांना टॅब्लेट देतात. मात्र दुकान काढताना खेळत्या भांडवलाची आधी तजवीज करणारा गृहस्थ येथे दुरुस्तीचा खर्च धरीत नाही! मग फुटल्यास भरपाई कोण देणार, या धास्तीने टॅब्लेट मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहतात आणि चार्जिंगविना त्यांच्या बॅटऱ्या निकामी होतात.