दुसऱ्यांदा निघताना

‘‘एकदा दिली ना परीक्षा? नाही झालं ना? मग बास आता. किती दिवस नुसतं वाचत बसायलीस?’’

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्या कानावर आलंय का? माझ्या आलंय, कितीतरी घरांत. संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानांकडे एक चक्कर मारा. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं छातीशी धरून उभ्या असलेल्या मुली दिसतील. कुणी जालन्याची, कुणी बीडची, कुणी हिंगोलीकडच्या खेड्यातली. एका खोलीत चौघीजणी, डबा बाहेरचा, दिवसभर अभ्यासिका. पहिल्या वर्षी घरून फोन येतो तो ‘जेवलीस का? अभ्यास कसा चाललाय?’ असा. मग निकाल लागतो, दोन-चार मार्कांनी हुकतं आणि फोनचा सूर बदलतो. ‘एक स्थळ आलंय, बघून तर घे.’

त्याच घरातला भाऊ मात्र चौथ्यांदा परीक्षेला बसलेला असतो. त्याच्याबद्दल विचारलं तर आई सांगते, ‘‘प्रयत्न चालू आहेत त्याचे. होईल यंदा.’’ त्याचे ते प्रयत्न आणि हिचा मात्र टाइमपास!

आत्मविश्वास या विषयावर आपल्याला सल्ले काही कमी मिळत नाहीत. महिला मंडळात व्याख्यानं होतात. ‘आरशासमोर उभ्या राहा आणि म्हणा, मी करू शकते!’ आपणही टाळ्या वाजवतो, चहा-बिस्किट घेऊन घरी येतो. तो आत्मविश्वास कढईत फोडणी तडतडेपर्यंत टिकतो. मग सासूबाई विचारतात, ‘‘आज एवढा उशीर?’’ आणि आरशातली ती बाई कुठं गेली ते कळतच नाही.

माझं आपलं साधं मत आहे. आत्मविश्वास आधी येतो आणि मग आपण काम करतो, असं नसतंच. आधी काम होतं, ते फसतं, परत होतं आणि मग कधीतरी आत्मविश्वास येतो. तो पहिल्या प्रयत्नात येत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या प्रयत्नात येतो. आणि आपल्या बायकांची खरी अडचण हीच आहे, की आपल्याला दुसरा प्रयत्न करूच दिला जात नाही. कधी घर करू देत नाही, कधी आपण स्वतःच करत नाही.

याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच शहरातल्या मनीषा वाघमारे. २०१७ साली त्या एव्हरेस्टवर गेल्या. शिखर अवघं १७० मीटर उरलं होतं. ऐकायला हे अंतर म्हणजे घरापासून कोपऱ्यावरचं किराणा दुकान! पण हे मीटर उभ्या चढाचे. आठ हजार मीटरच्या वर हवेत प्राणवायू आपल्या इथल्यापेक्षा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. एकेक पाऊल टाकून थांबावं लागतं, शंभर मीटर चढायला तास-तास जातो. तिथं हवामान बिघडलं आणि त्यांना मागे फिरावं लागलं.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. आपण फक्त कल्पना करायची. अशा मोहिमेला लाखो रुपये लागतात. ते उभे करायचे म्हणजे किती दारं वाजवायची. वर्षानुवर्षांचा सराव, दोन महिने घरापासून लांब आणि शिखर डोळ्यांसमोर असताना पाठ फिरवायची. आपल्यापैकी कितीजणींनी यानंतर ‘आपल्या नशिबातच नव्हतं’ म्हणून विषय संपवला असता?

त्यांनी संपवला नाही. मे २०१८ मध्ये त्या पुन्हा गेल्या आणि या वेळी ८,८४८ मीटरच्या त्या शिखरावर पोहोचल्या. आपल्या मराठवाड्याची लेक एव्हरेस्टवर उभी राहिली. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. पण मला विचाराल तर सत्कार २०१७ सालीसुद्धा व्हायला हवा होता.

का, ते सांगते. मागे फिरण्यात दोन प्रकार असतात. हवामान बघून मागे फिरणं वेगळं आणि लोक काय म्हणतील ते बघून मागे फिरणं वेगळं. पहिलं शहाणपण आहे. अंगात ताकद किती उरली, प्राणवायू किती उरला, वारा कुठून येतोय, याचा हिशोब करून ‘आज नाही’ म्हणायला धाडस लागतं. डोंगरावर हट्टानं पुढं गेलेले सगळेच परत येत नाहीत. जिवंत परत आलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकते. पण आपण काय करतो? ‘आज नाही’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा लावून मोकळ्या होतो.

एव्हरेस्ट चढण्याची रीतसुद्धा मोठी शिकण्यासारखी आहे बरं का. मला वाटायचं, खालून निघायचं आणि सरळ वर जायचं. तसं नसतं. बेस कॅम्पच मुळी ५,३६४ मीटरवर आहे. तिथून गिर्यारोहक थोडं वर जातात आणि परत खाली येतात. मग आणखी थोडं वर, पुन्हा खाली. असं काही आठवडे चालतं. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात, म्हणून हे सगळं. एखाद्यानं दुरून पाहिलं तर म्हणेल, ‘‘अरे, हे काय, गेले आणि आले!’’ पण त्या खाली येण्यातच वर जायची तयारी होत असते.

माझंच सांगते. चाळिशीत स्कूटी शिकायला घेतली. तिसऱ्याच दिवशी भाजीच्या पिशवीसकट चौकात पडले. टोमॅटो रस्ताभर! फार लागलं नव्हतं, पण बघणारे हसले. आमचे हे म्हणाले, ‘‘राहू दे आता. मी आहे ना सोडायला.’’ प्रेमानंच म्हणाले हो. पण त्या प्रेमापायी मी सहा वर्षं रिक्षाची वाट बघत उभी राहिले. शेवटी लेकीनं जबरदस्तीनं पहाटे सहाला मैदानावर नेलं. आठ दिवस नुसत्या मैदानाला चकरा. मग दूध आणण्यापुरती. मग मंडईपर्यंत. मग एक दिवस सिडकोतून क्रांती चौकापर्यंत, तीही भर गर्दीच्या जालना रोडनं! घरी आल्यावर हात थरथरत होते, पण दुसऱ्या दिवशी चावी मी कुणाला न विचारता उचलली. आत्मविश्वास कधी आला म्हणून विचाराल तर मला दिवस सांगता येणार नाही. पण तो मैदानावरच्या चकरांत आला, चौकात पडण्याआधीच्या ऐटीत नव्हता, एवढं नक्की.

आता याच शहरातलं दुसरं उदाहरण घ्या. पोलीस दलातले रफीक शेख. २०१४ साली ते एव्हरेस्टला गेले, हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगारांचा जीव गेला आणि मोहिमा थांबल्या. २०१५ साली पुन्हा गेले, तर नेपाळचा तो भयंकर भूकंप झाला. २०१६ साली तिसऱ्यांदा गेले आणि शिखर गाठलं. त्यांच्या चिकाटीला सलामच करायला हवा. पण मनात एक प्रश्न येतोच. दोनदा रिकाम्या हातानं परत आलेल्या एखाद्या सुनेला ‘जा, तिसऱ्यांदा जा’ असं म्हणणारी घरं आपल्याकडे किती?

आणि हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नका. एव्हरेस्टवर पोहोचणारी जगातली पहिली स्त्री जपानची जुन्को ताबेई. उंची पाच फुटांहून कमी, लहानपणी अशक्त म्हणून ओळखली गेलेली. बायकांची मोहीम काढायची म्हणून पैसे मागायला गेल्यावर तिला ऐकावं लागलं, की तुम्ही घरी बसून मुलं सांभाळा. तिची लेक तेव्हा लहान होती. तिनं पियानोच्या शिकवण्या घेऊन पैसे जमवले. मे १९७५ च्या सुरुवातीला तंबूवर हिमकडा कोसळला, ती गाडली गेली, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं. त्यानंतर बारा दिवसांनी, १६ मे रोजी ती शिखरावर होती. आपल्या बचेंद्री पालही १९८४ साली असाच तंबूवरचा हिमकडा सोसून वर गेल्या. भारतातली ती पहिली स्त्री. एम.ए., बी.एड. झालेली मुलगी, घरच्यांना वाटे, शिक्षिका व्हावी, बास झालं.

आई-वडिलांनाच दोष द्यावा, असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेतीवर खोलीचं भाडं, डबा, क्लासची फी भागवायची म्हणजे खेळ नाही. वयात आलेली लेक शहरात एकटी राहते, याची काळजीही खोटी नाही. पण पैसा कमी असेल तर तो दोघांनाही कमी असू द्या. मुलाला चार संधी देता येतात, तर मुलीला निदान दोन तरी द्या.

आणि आपण स्वतः काय करायचं? सगळ्यात आधी, निघतानाच घरात बोलून ठेवायचं. ‘मी एक वर्ष बघते’ असं म्हणू नका, ‘मी दोनदा प्रयत्न करणार आहे’ असं म्हणा. पहिल्यांदा हुकलं तर तो ठरलेल्या वाटेचाच भाग होतो, नामुष्की होत नाही. दुसरं, हुकल्यावर रडून घ्या, खुशाल रडा, पण मग वही काढून लिहा, नेमकं काय कमी पडलं? गणित? वेळ? झोप? पैसा? ‘मीच कमी पडले’ असं मोघम लिहायचं नाही. मनीषाताईंचे १७० मीटर मोजता आले, तसं आपलंही अंतर मोजायचं. मोजलं की ते आटोक्यातलं वाटतं. तिसरं, मधले छोटे मुक्काम ठरवा. पापडाचा धंदा काढायचाय तर आधी गल्लीतली दहा घरं, मग बचत गटाचा स्टॉल, मग दुकान. पहिल्याच दिवशी दुकानाची पाटी रंगवायची घाई नको. आणि शेवटचं, एक माणूस असं शोधा की जे ‘झालं का?’ विचारणार नाही, ‘पुन्हा कधी निघतेस?’ विचारेल. नवरा असेल तर उत्तम. नसेल तर बहीण, मैत्रीण, शेजारीण, कुणीही.

एखादी वाट खरंच आपली नसेल, तर ती सोडायलाही हरकत नाही. फक्त मागे फिरायचं की नाही हे चढणारीनं ठरवायचं. खाली उभं राहून बघणाऱ्यांनी नाही.

आज संध्याकाळी एक करा. तुमच्या घरात, गल्लीत अशी एखादी असेल, जी एकदा हरून गप्प बसलीय. परीक्षेत नापास झालेली, शिवणक्लास बंद पडलेली, अर्ध्यावर बी.ए. सोडलेली. तिला उपदेश करू नका. चहाला बोलवा आणि एवढंच विचारा, ‘‘मग, परत कधी सुरू करतेस?’’

कदाचित तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नसेल. आणि कदाचित, ती तुम्हीच असाल.