स्टायरचें लोखंड

आमच्या एका पुतण्यास नुकतीच एका कारखान्यांत अभियंत्याची जागा मिळाली. तेथें मोटारींचे भाग होतात, आणि तोफांचेहि. घरांत लागलीच दोन पक्ष पडले. वहिनी म्हणाल्या, "पोटासाठीं दुसरा धंदा का मिळत नाहीं?" दादांचें म्हणणें, शस्त्रावांचून राज्य टिकत नाहीं. निवाडा आम्हांकडे आला. आम्हीं एका परदेशी कारखान्याची हकीकत सांगितली. तीच येथें वाचकांपुढें ठेवितों.

ऑस्ट्रिया देशांत एन्स व स्टायर ह्या नद्यांच्या संगमावर स्टायर नांवाचें गांव आहे. लोखंडकाम हा त्या गांवचा पिढीजात धंदा. तेथें सन १८६४ मध्यें योसेफ वेर्न्डल ह्यानें भावासह बंदुकांचा कारखाना काढिला. त्यापूर्वीं अमेरिकेंत जाऊन यंत्रानें बंदुका कशा घडवितात, तें त्यानें स्वतः पाहिलें होतें. सन १८६६ च्या युद्धांत प्रशियानें ऑस्ट्रियास चीत केलें. मागून भरावयाच्या बंदुकीपुढें तोंडाकडून ठासावयाची बंदूक टिकेना. पुढल्याच वर्षीं वेर्न्डलची नवी बंदूक सैन्यानें स्वीकारली, आणि कारखान्याचें दैव उघडलें. वेर्न्डलनें मजुरांसाठीं घरें बांधिलीं. सन १८८४ मध्यें तर त्यानें गांवांत विजेचे दिवे लाविले.

परंतु बंदुकांस सदाच गिऱ्हाईक असतें असें नाहीं. मागणी ओसरली कीं मजुरांच्या चुली थंडावत. म्हणून सन १८९४ पासून तेथें सायकली होऊं लागल्या. त्यांस लोक 'शस्त्र-सायकल' ह्या अर्थाच्या नांवानें ओळखीत. पहिल्या महायुद्धांत कामगारांची संख्या १४,००० च्या घरांत गेली. मग पराभव झाला, आणि सन १९१९ च्या तहानें शस्त्रनिर्मितीवर कडक बंधनें आलीं. तेव्हां त्याच हातांनीं मोटारी घडविल्या. हान्स लेडविंका ह्या अभियंत्यानें रेखिलेली पहिली मोटार सन १९२० मध्यें बाहेर पडली. पुढें जागतिक मंदी आली, व १९३४-३५ च्या सुमारास ऑस्ट्रो-डाइमलर आणि पुख ह्या कारखान्यांशीं मिळून 'स्टायर-डाइमलर-पुख' हें एकच कुटुंब झालें. आपल्याकडील वडील मंडळींस आठवत असलेली 'हिरो पुक' ही लहान दुचाकी ह्याच पुखच्या नांवाची.

आतां दुःखाचा भाग. सन १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळिला, आणि कारखाना गोअरिंगच्या नांवानें चालणाऱ्या उद्योगसमूहांत गेला. सन १९४२ मध्यें माउटहाउझेन ह्या छळछावणीची एक शाखा स्टायर येथेंच उघडली. ज्या गांवांत मजुरांसाठीं घरें बांधिलीं गेलीं, त्याच गांवांत तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या बंदिवानांकडून काम करून घेतलें जाऊं लागलें. कित्येक तेथेंच मेले. सन १९४५ च्या मे महिन्यांत उरलेल्यांची सुटका झाली.

युद्धानंतर तेथें शेतकऱ्यांसाठीं ट्रॅक्टर झाले, मालमोटारी झाल्या, सन १९५७ मध्यें 'पुख ५००' ही चिमुकली मोटार झाली. आणि सन १९७७ मध्यें सैन्यासाठीं नवी बंदूकहि झाली. पुढें कुटुंब विभक्त झालें. सन १९८७ मध्यें दुचाकी इटलीच्या पियाज्योकडे गेल्या, १९९६ मध्यें ट्रॅक्टर अमेरिकेच्या केसकडे; १९९८ मध्यें मोटारींचा भाग कॅनडाच्या मॅग्नाकडे, आणि २००३ मध्यें चिलखती गाड्यांचा भाग अमेरिकेच्या जनरल डायनॅमिक्सकडे.

ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, मग निर्णय काय?" आम्हीं म्हटलें, "बाळ, 'यंत्र' शब्दांतील धातूचा अर्थ आवरणें, आणि 'शस्त्र' शब्दांतील धातूचा अर्थ मारणें. स्टायरच्या लोखंडास नांगर आणि बंदूक ह्यांतील भेद कधींच कळला नाहीं; तो माणसांनीं ठरविला. ज्या दिवशीं कारखान्यांत माणसाची किंमत लोखंडाहून कमी होईल, त्या दिवशीं तेथून उठण्याची तयारी ठेव. एवढें जमत असेल तर जा."

तो गेला. निघतांना वहिनींनींच त्याच्या हातावर दहीं घातलें.