स्वप्नें न पडणारीं माणसें

बारामतीस एका स्नेह्याच्या घरीं चार सुशिक्षित मंडळी बसली असतां त्यांच्या शेतावरील गड्याची गोष्ट निघाली. गड्याचें म्हणणें, आपल्याला जन्मांत कधीं स्वप्न पडलेंच नाहीं. त्यावर एक विद्वान् गृहस्थ हंसून उद्गारले, "पडावें कसें? स्वप्नास मन लागतें!" सारे हंसले. मी त्या वेळीं गप्प राहिलों याची लाज अजून वाटते. हा लेख त्या लाजेपोटीं आहे.

गृहस्थांनीं आपल्या मतास आधारहि थोर दिला. तुकोबांस बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नांत झाला. नामदेवांनीं पांडुरंगासह स्वप्नांत येऊन त्यांस कवित्व करण्याची आज्ञा केली. आणि कोल्हापुरास असतां बहिणाबाईंस खुद्द तुकोबांचा अनुग्रह झाला तोहि स्वप्नांतच. हें सारें मान्य. परंतु थोरांनीं स्वप्नें सांगितलीं, म्हणून ज्यास स्वप्न सांगतां येत नाहीं तो हलका, हें कोणतें तर्कशास्त्र? तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करीत पंढरीस जाते. तिच्यामागून चालणाऱ्या वारकऱ्यास कोणी स्वप्नाचा दाखला मागत नाहीं. आणि शास्त्रच काढावयाचें, तर मांडूक्योपनिषदांत स्वप्नाच्या पुढची अवस्था म्हणून सुषुप्ति सांगितली आहे, व निजलेल्यास कसलेंहि स्वप्न दिसत नाहीं हें तर तिचें लक्षणच. (अर्थात्, स्वप्नें आठवत नाहींत एवढ्याच भांडवलावर स्वतःस वेदान्ती समजणारेहि मीं पाहिले आहेत. त्यांचा समाचार पुन्हा केव्हां तरी.)

मुळांत "मला स्वप्न पडत नाहीं" हें सांगण्याचा अधिकार निजणाऱ्यास आहे काय? तो तर निजलेला असतो! शिकागो येथें १९५३ सालीं अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं दाखविलें कीं, निद्रेंत ठराविक अंतरानें मिटल्या पापण्यांआड डोळे वेगानें हलूं लागतात. त्या वेळीं माणसास जागें केलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. पुढें १९५९ सालीं, आपणांस स्वप्नें पडत नाहींत असें म्हणणाऱ्यांसहि अशाच वेळीं उठवून पाहण्यांत आलें, आणि पुष्कळ वेळां तेहि स्वप्न सांगूं लागले. स्वप्नें खरोखरच थांबलेलीं माणसें फार विरळा. पक्षाघातानें मेंदूच्या मागील भागास इजा होऊन स्वप्नें बंद पडलेल्या एका वृद्ध स्त्रीची हकीकत स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. तिची झोप शाबूत होती, बुद्धीहि शाबूत होती. तेव्हां "स्वप्नास मन लागतें" हें सुभाषित तिलाहि लागू पडत नाहीं.

आतां आमच्या गड्याकडे येऊं. स्वप्नामागोमाग जाग येऊन मन त्यावर घटकाभर रेंगाळलें, तरच तें स्मरणांत टिकतें. शिवाय निद्रेच्या पूर्वभागीं गाढ झोप अधिक असते, आणि स्वप्नांचा मोठा वाटा उत्तरभागीं येतो. नीरेच्या डाव्या कालव्याखालच्या उसाला हें वेळापत्रक ठाऊक नाहीं. शेतीपंपांस रात्रींची वीज देण्याचा प्रघात वर्षानुवर्षें चालत आला, त्यामुळें गडी काळोखांत बॅटरी घेऊन दारें धरावयास जातो. दोनला पाठ टेकतो, आणि पांचला गोठ्यांत धारेस बसतो. ज्या वेळीं आमचे विद्वान् गृहस्थ कूस बदलून आपलीं सुरस स्वप्नें पाहत असतात, त्या वेळीं हा म्हशीच्या कासेखालीं असतो! त्याची पहांट आपल्या चहाच्या साखरेंत आणि दुधांत विरघळली, आणि वर आपणच त्यास मन नाहीं म्हणून हिणवावें?

परवां मीं त्यास मुद्दाम गांठून विचारलें. प्रथम नाहींच म्हणाला. मग, दिवाळींत इंदापुरास लेकीकडे चार दिवस राहिला होता, तेव्हांचें आठवून पाहूं लागला. तेथें काम नव्हतें, ऊन्ह वर येईपर्यंत निजे. "म्हंजे, आमचा बैल आल्ता," तो म्हणाला. "तीन सालं झाली त्येला जाऊन. हौदावर पाणी पीत हुता. पर त्ये सपान व्हय? मला वाटलं, झोपेत याद आली."