बुरशीशी लढायला उसन्या पेशी

2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस हा जिभेला न वळणारा शब्द कोल्हापुरात घरोघरी पोचला. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावाधाव सुरू होती. जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. साथ ओसरली आणि शब्दही मागे पडला. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची बुरशीची धास्ती मात्र कायम आहे.

शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून या रुग्णांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू आपण सारेच रोज श्वासावाटे घेतो. ओल धरलेली भिंत, कुजका पालापाचोळा, भिजलेला उसाचा चोथा, कुठेही ते असतात. निरोगी शरीर त्यांचा परस्पर निकाल लावते. या रुग्णांच्या फुप्फुसात ते मूळ धरू शकतात. औषधे मोजकीच आहेत. त्यातले ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला जाचक. नुकतेच नवे मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला ते द्यायचे म्हणजे डॉक्टरांपुढे पेचच.

म्हणून औषधाऐवजी लढणाऱ्या पेशीच द्याव्यात, हा विचार पुढे आला. इटलीत पेरुजियाच्या डॉक्टरांनी अस्थिमज्जा दात्यांच्या रक्तातून ही बुरशी ओळखणाऱ्या टी-पेशी वाढवल्या आणि 10 रुग्णांना दिल्या. त्यातल्या 9 जणांचा संसर्ग हटला, असे त्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केले. दहा हा आकडा लहानच. पुढे अमेरिकेत 2014 मध्ये आणि जर्मनीतील वुर्झबर्ग येथे 2022 मध्ये, बुरशी नेमकी हेरतील अशा बदल घडवलेल्या कार-टी पेशींचा उंदरांवर चांगला परिणाम दिसला. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते.

शिवाय एक मेख आहे. प्रत्यारोपित मूत्रपिंड टिकवणारी औषधे बाहेरून सोडलेल्या टी-पेशींनाही गप्प करतात. औषधे कमी करावीत तर मूत्रपिंडच हातचे जाण्याचा धोका. त्यामुळे हा मार्ग आधी अस्थिमज्जेच्या रुग्णांसाठी खुला होईल, असे दिसते.

हे तंत्र आपल्यापासून फार दूर नाही. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. तो काही रक्तकर्करोगांसाठी आहे आणि परदेशी उपचारांपेक्षा खूप स्वस्त असूनही लाखांच्या घरात जातो. तरी पेशी घडवण्याची कला इथे रुजली आहे. म्युकरचा एवढा मार सोसलेल्या देशाने ती बुरशीविरुद्ध वापरून पाहण्यासाठी सरकारी पैसा लावायला हवा. खासगी कंपन्या गरिबांच्या बुरशीमागे सहसा धावत नाहीत.

तोवर जिल्ह्याच्या पातळीवर दोन गोष्टी मिळाल्या पाहिजेत: बुरशीचा संसर्ग लवकर पकडणारी गॅलॅक्टोमॅनन रक्तचाचणी आणि मूत्रपिंडाला कमी जाचक असलेल्या लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा कायमचा साठा. आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी जुने घर पाडत असतील तिथे थांबू नये, खतात हात घालू नये. ताप वा खोकला आला तर गल्लीतल्या दुकानातून गोळी न घेता प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा.