भंगारात निघालेला मृत्यू

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातील काही जणांची कातडी काळवंडली, केस गळू लागले, उलट्या थांबेनात. हे दुखणे नेहमीचे नव्हे, किरणोत्साराचे आहे, हे उमगले तेव्हा शोध पोहोचला थेट दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात. कॅनडाहून आणलेले ‘गामा सेल’ तेथे १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात विकले गेले. जेथे मोडक्या खुर्चीच्या निर्लेखनालाही सह्यांची रांग लागते, तेथे आत कोबाल्ट-६० आहे याची आठवण एकाही सहीला झाली नाही!

भंगारवाल्याला दोष कसा द्यावा? त्याला दिसले ते शिसे. शिशाला भाव असतो. जे कवच माणसांना वाचवीत होते, तेच आधी फोडले गेले. एका दुकानदाराने तर धातूचा तुकडा पाकिटात घालून खिशात बाळगला. एक कामगार दगावला. इतर कित्येकांनी यातना भोगल्या.

कोबाल्ट-६० ची शक्ती साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते. पंचवीस वर्षांत ती पंचविसाव्या हिश्श्याखाली उतरली होती, तरीही ती जीव घेऊ शकली. वापर थांबला म्हणजे धोका संपला, ही समजूत किती घातक असते, हे १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहराने चार बळी देऊन अनुभवले होते. तेथेही सोडून दिलेल्या रुग्णालयातील यंत्रच भंगारात गेले होते.

आपल्याकडे ज्ञानाची वानवा नव्हती. विखुरलेले तुकडे हुडकून काढले ते आपल्याच अणुशास्त्रज्ञांनी. नियमही होते. असे यंत्र जागेवर उघडायचे नसते. अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुमती घेऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, स्रोत जाड कवचाच्या प्रमाणित पात्रातून अधिकृत ठिकाणी पाठवायचा आणि तो पोहोचल्याची लेखी नोंद ठेवायची. अडले ते एवढ्यावरच, की यंत्र वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर माहितीही गेली.

महाविद्यालये व रुग्णालये चालविणाऱ्या संस्थांमध्ये आपले अनेक कार्यकर्ते विश्वस्त आहेत. त्यांनी जुन्या खरेदीवह्या आणि कुलूपबंद खोल्यांची यादी एकदा ताडून पाहावी. तीन पात्यांचे चिन्ह कोठे आढळले, तर यंत्राला हात न लावता खोली बंद करून नियामक मंडळाला कळवावे. लिलावाची सूचना त्यानंतर निघू दे.